बिनमेणाची होडी

द्राक्षांच्या बागा खाली होतात, नाशिकबाहेर गिरणारे गावाच्या रस्त्यावरचे क्रेटांनी भरलेले टेम्पो कमी होत जातात, आणि धरणाचं पाणी उतरायला लागतं. आधी काठाला एक बारीक करडी रेघ दिसते. आठवड्याभरात ती हातभर रुंद होते, मग पुरुषभर, आणि चैत्र संपेपर्यंत पाणी आणि बाभळी यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचं एक मैदानच उघडं पडलेलं असतं. त्या गाळाला वास असतो. ओल्या दगडी पाटीचा, वाळलेल्या शिंपल्यांचा, बराच काळ बंद राहिलेल्या खोलीचा. शहरात आमच्या घरापर्यंत तो पोचणं शक्यच नाही. पण मला येतो. सकाळी बाल्कनीत चहा घेऊन उभा असलो की येतो, आणि मग दोन-तीन दिवसांत ताईचा फोन येतो. ती फार बोलत नाही. म्हणते, "पाणी उतरलंय."

यंदाही आला. मी कपाटावरची पिशवी खाली काढली. तिच्यात काथ्याचा ब्रश, रंग घासायच्या वॉटर पेपरचे चार-सहा तुकडे, जुन्या बनियनची कापडं. बायकोने न विचारता भाकरी आणि ठेचा बांधून दिला. ती आमच्याबरोबर येत नाही. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं की तुम्ही दोघं तिथे दिवसभर काय करता. मी म्हटलं, होडी धुतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, सुजाता. सातपूरच्या आमच्या जुन्या कॉलनीत राहते. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं, मागच्या वर्षी निवृत्त झाली. तिचे यजमान मिलिंद दाजी. चार उन्हाळ्यांपूर्वी ते गेले, ते याच पाण्यात.

दाजी मूळचे पेठच्या पुढच्या डोंगरातले. तिकडे पाणी म्हणजे चार महिने छपरावर आणि बाकीचे महिने बायकांच्या डोक्यावर. त्या डोंगरातून हा माणूस नौदलात गेला आणि पंधरा वर्षं जहाजांची इंजिनं दुरुस्त करून नाशकात परत आला. इथे एका कारखान्यात देखभालीचं काम धरलं, घर बांधलं, दारात जांभळाचं झाड लावलं. पण संध्याकाळी गच्चीवर उभं राहून वारा कुठून येतो ते बघायची सवय काही गेली नाही. शेवटी मुंबईला कुठल्याशा शेडमागे पालथी पडलेली एक शिडाची होडी त्यांनी शोधून काढली आणि टेम्पोत घालून कसाऱ्याचा घाट चढवून आणली. त्या टेम्पोत मीही होतो. घाटात चहाला थांबलो तेव्हा लोक आमच्याभोवती गोळा झाले. समुद्राकडून डोंगराकडे चाललेली होडी कोणी पाहिली नव्हती. एका म्हाताऱ्याने दाजींना विचारलं, की वर पूर यायचाय का. दाजी म्हणाले, तयारी असलेली बरी.

तेरा फूट लांब, फायबरची, एक शीड, दोन माणसं आरामात बसतील एवढी. बुडाच्या मधोमध एक खाच, आणि त्या खाचेतून खाली पाण्यात उतरणारी लाकडाची फळी. वारा आडवा लागला की होडी कलते, ती या फळीच्या जोरावर तोल सांभाळते. ही फळी म्हणजे होडीची टाच, असं दाजी सांगायचे. टाच रोवली नाही तर माणूस ढकलला जातो.

काठावर लखूबाबा राहतात. धरणात मासेमारी करणारं त्यांचं घर, आणि घराला लागून गुरांसाठीची पत्र्याची पडवी. त्या पडवीत पावसाळ्यात होडी ठेवायची सोय त्यांनी करून दिली; एरवी ती काठाला बांधलेली असे. सुरुवातीला हा शिडाचा खेळ त्यांना पोरकट वाटायचा. ते स्वतः ट्रकच्या ट्यूबवर पोटाने आडवे होऊन जाळी टाकतात. दोन वर्षांनी तेच दाजींना सांगायला लागले, की आज अंजनेरीच्या अंगाने वारं हाय, जाऊ नका.

माझा या सगळ्याशी संबंध वर्षातून एकदा यायचा. दाजी त्याला होडीची आंघोळ म्हणत. पाणी उतरलं, गाळ वाळला की होडी बाहेर काढून दोन जुन्या टायरांवर पालथी घालायची आणि बूड धुवायचं. या कामाला ते मला बोलवायचे, कारण माझं आयुष्य पृष्ठभाग बघण्यात गेलं आहे. अंबडच्या एका कारखान्यात मी रंगखात्यात तपासनीस होतो. रंग दिलेले पत्रे रांगेने समोरून जातात, वर ट्यूबलाइट असतात, आणि आपण मान तिरकी करून त्या उजेडाची पट्टी पत्र्यावरून सरकताना बघायची. पट्टी जिथे अडखळेल तिथे दोष. केसाएवढा ओरखडाही माझ्या नजरेतून सुटायचा नाही. घरातली माणसं वैतागायची, कारण पाहुण्यांकडे गेलो तरी मी त्यांच्या फ्रिजकडे मान वाकडी करून बघायचो.

तर असं बूड धुवायचं. पाण्याखाली राहिलेल्या भागावर हिरवं-काळं शेवाळ चढलेलं असतं. ओलं असताना ते मऊ असतं, मांजराच्या पाठीसारखं. वाळलं की खरवडावं लागतं. आधी काथ्याने घासायचं, मग पाणी मारायचं, मग वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने, गोल गोल नाही, लांब लांब, पुढून मागे. ओरखडे भरायचे. वाळू द्यायचं. तळहाताने चाचपायचं. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळहाताला कळतं. एवढं झालं की दाजींच्या लेखी काम संपायचं.

दाजी गेले त्या वर्षी माझ्या लेखी संपलं नाही. आदल्या उन्हाळ्यात मी बुडाला गडद निळा रंग दिला होता आणि तो सुंदर बसला होता. मला वाटलं, या रंगाला चमक हवी. मी कारखान्यातल्या ओळखीने घट्ट पिवळ्या मेणाचा डबा आणला. गाड्यांना लावतात त्यातलं उंची. शनिवारी अख्खा दिवस मी ते बुडावर चढवलं. बनियनच्या कापडावर थोडं थोडं घ्यायचं, पातळ पसरायचं, वाळून धुकं धरलं की दुसऱ्या कापडाने पुसत जायचं. एक थर, मग दुसरा, मग तिसरा. चार वाजता त्या निळ्यात आभाळ दिसायला लागलं. बाभळीच्या फांद्या दिसल्या, माझं तोंड दिसलं. मी तांब्याने पाणी ओतलं तर थेंब गोळ्यांसारखे घरंगळत खाली गेले, बूड कोरडंच.

दाजी म्हणाले, पाण्याखालचा भाग तो, एवढं नटवून बघणार कोण. मी म्हटलं, मासे बघतील. मग त्यांनी बुडावर हात ठेवला आणि वरून खाली सोडला. हात सरसर खाली गेला. ते हसले.

"आनंदराव, हात ठरत नाही की हो."

मला ती शाबासकी वाटली. ती शाबासकीच होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मे महिना सरत आलेला. उन्हं कलल्यावर दाजी एकटेच काठावर आले, ही चकचकीत होडी पळते कशी ते बघायला. एक चक्कर मारून येतो असं घरी सांगून निघाले होते. पाऊण तासात त्र्यंबकच्या बाजूने आभाळ काळं झालं आणि वळीव आला. शहरात आमच्याकडेही गारा पडल्या. मी गच्चीवरचे कुरडयांचे कागद उचलत होतो. ताईने फोन करून विचारलं, की हे धरणावरून परस्पर तुझ्याकडे आले आहेत का. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

होडी त्याच संध्याकाळी सापडली. दाजी दुसऱ्या दिवशी.

लखूबाबांनी काठावरून पाहिलं होतं. ते मला पडवीशी उभे राहून सांगत होते आणि त्यांचे हात सारखे हवेत काहीतरी धरत होते. ट्यूब पलीकडच्या काठाला होती, वारा माणूस उभा राहू देत नव्हता, त्यात गारा. होडी आधी आडवी झाली, मग पार पालथी. फळी आत सरकून गेली असावी, बूड नुसतं देवमाशाच्या पाठीसारखं वर दिसत होतं. आणि बाजूला दाजी.

"धरायचे नि सुटायचे," लखूबाबा म्हणाले. "लय येळ. धरायचे नि सुटायचे. मंग पाऊस आडवा आला, मला दिसलं नाय."

मी पडवीत गेलो. होडी तशीच पालथी आणून ठेवली होती. पाऊस ओसरला होता, पश्चिमेकडून शेवटचं ऊन तिरपं आत येत होतं, अगदी आमच्या ट्यूबलाइटच्या कोनात. माझी मान आपोआप वाकडी झाली. उजव्या अंगाला, कण्यापासून खाली, मेणावर रेघा होत्या. आठ. चार आणि चार. वर खोल, खाली येता येता फिकट. दुसऱ्या कुणाला त्या दिसल्या नसत्या. बाहेर पोलीस होते, गावची माणसं होती, ताईला घेऊन शेजारचे आले होते. ताईचा आवाज जवळ येताना मला ऐकू आला आणि मी खिशातून रुमाल काढला. मी त्या रेघा पुसल्या. दाबून, लांब लांब, पुढून मागे. मेण ते, लगेच मिटलं. ताई आत आली तेव्हा बूड आरशासारखं स्वच्छ होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पुण्यानुमोदनाला, दाजींच्या आदरांजलीच्या दिवशी, लोक त्यांच्याबद्दल बोलत होते. कॉलनीतल्या मुलांना त्यांनी कसं पोहायला शिकवलं, पंपाची मोटर बिघडली की कसे हातातलं जेवण टाकून यायचे. मला बोलायला सांगितलं तर मी उभा राहिलो आणि पुन्हा बसलो. लोकांना वाटलं, दुःख. कामावर रुजू झालो तर पत्रा बघवेना. ट्यूबलाइटची पट्टी सरकायची आणि ती जिथे अडखळायची तिथे मला चार रेघा दिसायच्या. दोन महिन्यांत मी साहेबांना सांगून पॅकिंगला बदलून घेतलं. तिथे सगळं खोक्यात असतं.

मला ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे तो त्याच्या पुढचा. आमचा दोघा भावंडांचा.

तोपर्यंत होडी पडवीत तशीच होती. मी धरून चाललो होतो की ताई ती मोडीत काढेल नाहीतर कुणाला देऊन टाकेल. निदान तिचं तोंड तरी बघणार नाही. पण चैत्रात तिचा फोन आला. पाणी उतरलंय, म्हणाली. होडी वर्षभर धूळ खात आहे, यांना आवडलं नसतं. रविवारी येशील का.

पाच रविवार आम्ही गेलो. सकाळी सातला तिच्या दारात मी स्कूटर उभी करायचो, ती मागे बसायची, मांडीवर पाण्याची बरणी. गंगापूर रोड संपला की बागा लागायच्या. वेली छाटून उघड्या पडलेल्या, नुसत्या तारा आणि खांब. आम्ही बोलायचो नाही. पडवीत पोचल्यावर ती पदर खोचून आधी झाडायला घ्यायची. कोंबड्यांनी होडीवर घाण केली होती, एका टायरात सरड्याने घर केलं होतं. आम्ही होडी बाहेर काढली, बाभळीच्या सावलीत पालथी घातली, आणि मी ताईला धुवायला शिकवलं. पन्नाशी ओलांडलेली माझी बहीण, जिने मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं, ती माझ्यापुढे बसून वॉटर पेपर कसा धरायचा ते शिकत होती. मी म्हणायचो, लांब लांब. ती पुटपुटायची, लांब लांब.

त्या पाच रविवारांचं मला सगळं आठवतं. ओल्या पेपरचा खसखस आवाज. घासलेल्या रंगाचं निळं पाणी ताईच्या कोपरापर्यंत ओघळलेलं. दुपारी लखूबाबांची सून झाकून पाठवायची ती मासळी. लांब पाण्यावर बसलेले काळे पाणकावळे. बाभळीला टेकवून ठेवलेल्या, शीड नसलेल्या काठीवर गरम वाऱ्याने वाजणारी एकच दोरी, टक, टक, टक. ती दोरी वाजली की आम्ही दोघंही हात थांबवायचो आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

डाव्या अंगाला काम करताना मला काही व्हायचं नाही. उजव्या अंगाला माझा हात जायचा नाही. मी तिथे ताईला बसवायचो.

तिसऱ्या रविवारी भाकरी खाताना ती अचानक बोलायला लागली. दाजी गेले त्या दिवशी सकाळी तिने त्यांचं पाण्यावर तरंगतं ठेवणारं जॅकेट धुतलं होतं, ते नारिंगी, पट्ट्यांचं. त्याला गाळाचा वास येत होता म्हणून. ते गच्चीवरच्या दोरीवर वाळत होतं. दाजींनी निघताना हात लावून पाहिलं, ओलं होतं. ते म्हणाले, राहू दे, एक चक्कर तर मारायची आहे. ती म्हणाली, बरं. एवढंच. तो "बरं" तिला रोज ऐकू येतो. भांडी घासताना, मुलांची हजेरी घेताना. हजेरी घेताना एखादा मुलगा "हजर" म्हणायचा आणि तिला "बरं" ऐकू यायचं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने तिचं काढून माझ्यापुढे ठेवलं होतं. मी म्हटलं, तुझा काय दोष त्यात. आणि भाकरी खाल्ली.

पाचव्या रविवारी बूड तयार झालं. खरं सांगायचं तर सुंदर झालं होतं. ताईच्या हाताला घाई नव्हती, त्यामुळे कुठेही लाट नव्हती. ती उठली, पडवीत गेली आणि डबा घेऊन आली. पिवळ्या मेणाचा तोच डबा, अर्धा उरलेला. दाजींनी तो पडवीच्या तुळईवर ठेवला होता. झाकण उघडल्याबरोबर वास आला.

मी म्हटलं, मेण नको.

ती म्हणाली, असं कसं, यांच्या वेळी लावलं होतंस ना.

मी म्हटलं, म्हणूनच नको. आणि मग मी सांगितलं. शनिवारचे तीन थर, दाजींनी सोडलेला हात, लखूबाबांनी काठावरून जे पाहिलं ते, पडवीतलं तिरपं ऊन. रेघा. रुमाल. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. मुंग्यांची एक रांग आमच्या भाकरीच्या चुऱ्याकडे निघाली होती.

ताईने हातातला डबा खाली ठेवला. मग तिने विचारलं, किती होत्या. मी म्हटलं, आठ. तिने विचारलं, कुठे. मी दाखवलं. ती गुडघ्यावर बसली आणि तिने दोन्ही हातांची बोटं तिथे टेकवली, चार आणि चार. तशीच राहिली. गेले चार रविवार तिने ती जागा स्वतःच्या हाताने घासून घासून काढली होती.

"मेणाचं मी तुला काही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण पुसलंस कशाला? ते माझं होतं. मला बघायचं होतं."

मी म्हटलं, तुला त्रास होऊ नये म्हणून. हे खोटं होतं आणि तिला ते कळलं. मी माझ्यासाठी पुसलं होतं. दोष दिसला की तो खोडून काढायचा, ही माझ्या हाताची सवय.

त्या दिवशी ती माझ्या स्कूटरवर बसली नाही. लखूबाबांच्या मुलाबरोबर गिरणाऱ्यापर्यंत गेली आणि तिथून जीपने. मी एकट्याने होडी आत ढकलली. मेणाचा डबा काठावर खड्डा करून पुरला. पुढचं जवळजवळ वर्षभर ताई माझ्याशी कामापुरतं बोलली. भाऊबीजेला ओवाळलं, ताटात सगळं होतं, पण तिची नजर माझ्या कपाळावरच थांबली, डोळ्यांपर्यंत आली नाही. मी समजून होतो. एखाद्या माणसाची शेवटची अक्षरं आपण वाचायच्या आधी कुणी पुसली, तर त्याला काय क्षमा करायची?

आणि तरी चैत्र आला, आणि तिचा फोन आला. पाणी उतरलंय.

या मधल्या वर्षांत काय काय होत गेलं ते मला भाचीकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. ताई महापालिकेच्या तलावावर पोहायला जात होती. सकाळच्या बायकांच्या वेळेत, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. पहिला महिना नुसती कठडा धरून पाय मारायची. मग दाजींच्या नौदलातले एक मित्र सुट्टीला आले, त्यांच्याकडून ती शीड बांधायला शिकली, वारा बघायला शिकली. दुसऱ्या हिवाळ्यात ती त्यांच्याबरोबर पहिल्यांदा होडीत बसली. मग कधीतरी एकटी. गावातली माणसं काठावर येऊन बघायची. मी तिला बघायला एकदाही गेलो नाही. उन्हाळ्यात यायचं, बूड धुवायचं, मेण लावायचं नाही. उलट मी शेवटचा हात जाड्या वॉटर पेपरने फिरवायचो, मुद्दाम खरबरीत राहावं म्हणून. माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम मी दरवर्षी मन लावून करत होतो. निळा रंग मेलेला, राखाडी दिसायचा. ताई बघायची आणि शीड उलगडायला घ्यायची.

यंदा धुणं झालं तेव्हा ती म्हणाली, पुढच्या रविवारी तू पाण्यात यायचंस. कपडे जास्तीचे आण.

मी म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, पोहता येतं ना तुला. दाजींनीच शिकवलं होतं, कॉलनीतल्या मुलांबरोबर. मी म्हटलं, येतं. ती म्हणाली, मग ये.

गेल्या रविवारी गेलो. सकाळची वेळ, वारा नावाला. ताईने दोन जॅकेट आणली होती, दोन्ही नवी. माझे पट्टे तिने स्वतः आवळले, लहानपणी शाळेत पाठवताना बटणं लावायची तसे. लखूबाबा ट्यूब घेऊन आमच्या बाजूने पाण्यात उतरले. तिने त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं. होडी काठापासून लांब आल्यावर ताईने शीड सैल सोडलं, मधली फळी खाचेतून वर ओढून घेतली आणि म्हणाली, आता आपण ही पालथी करायची. शिकायला करावंच लागतं. मी काही बोलायच्या आत ती माझ्या बाजूला येऊन बसली आणि आमच्या दोघांच्या वजनाने होडी कलली, आडवी झाली, गेली.

पाणी थंड होतं. डोकं वर आलं तेव्हा माझ्यासमोर बूड होतं. मी ते इतकी वर्षं वरून पाहत आलो होतो. खालून, पाण्यातून, ते मी प्रथमच पाहत होतो. फार मोठं दिसतं. भिंतीसारखं.

ताई दोन हातांवर तरंगत होती. "धर," ती म्हणाली.

मी हात वर टाकले. माझ्याच हाताने खरबरीत केलेलं बूड. बोटं टेकली, जोर लावला, आणि हात खाली आले. पुन्हा टाकले. पुन्हा आले. ओलं, गोल, कुठे कड नाही, खाचेत बोटं अडकत नाहीत. मी नखं रोवली. एका नखातून कळ गेली, पण हात खालीच आला. तिसऱ्यांदा मी अंग वर फेकलं, छाती टेकली, आणि सबंध मी सरकत पाण्यात परत आलो. लखूबाबा ट्यूबवरून बघत होते आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"घसरतो ना?" ताईने विचारलं.

"हो."

"मेण नाही तरी."

माझ्या तोंडात पाणी होतं.

तिला हे दीड वर्षापासून माहीत होतं. शिकताना पहिल्याच दिवशी होडी पालथी झाली होती, तेव्हाच कळलं होतं. ओल्या बुडाला कुणाचाच हात ठरत नाही, मेण असो वा नसो. फळी बाहेर असली तरच धरायला काही असतं. "सांगून तुला पटलं नसतं," ती म्हणाली. ते खरं होतं. मी म्हटलं असतं, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.

बरं वाटायला हवं होतं. चार वर्षं जे छातीवर घेऊन फिरलो ते तिथे पाण्यात सुटलं, हे मला स्पष्ट कळलं. पण त्याच्या जागी जे आलं त्याला मी तयार नव्हतो. इतके दिवस दाजींच्या त्या शेवटच्या वेळात मी होतो. अपराधी म्हणून का होईना, तिथे होतो. त्यांच्या बोटांखाली माझं काम होतं. आता कळलं की त्या पाण्यात मी नव्हतोच. ताईचा "बरं"ही त्या पाण्यात पोचला नव्हता. तिथे नुसता वारा होता, गारा होत्या आणि एक माणूस होता. एकटा.

मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, थेट, आणि मला कळलं की तिला हेही दीड वर्षापासून माहीत आहे.

खोल श्वास घेऊन ती काठीला धरून जॅकेटसकट खाली गेली आणि तिने आतून फळी वर ढकलली. खाचेतून ती लाकडी कड बाहेर आली. ताई वर आली, केस मागे सारले, आणि आम्ही दोघांनी मिळून ती फळी धरली. तिच्यावर वजन टाकून मागे रेललो. आधी काही झालं नाही. मग बूड हळूहळू आमच्याकडे झुकलं, काठी पाण्यातून वर आली, शिडातून धो धो पाणी गळलं, आणि होडी सरळ झाली. आम्ही पाण्यातच होतो. होडी आमच्यासमोर हलत उभी राहिली. तिच्यात कुणीच नव्हतं.